तुम्ही विचारलंत म्हणून: मला धवला का येत नाही

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. ऑफिसात, सोसायटीत, कोणाच्या तरी हळदीत, आणि आता तर कॉलेजची पोरंसुद्धा ट्रायपॉड घेऊन येतात. "मॅडम, तुमची आजी धवलारीण होती ना? मग तुम्हाला येत असतील ना धवले, एखादा म्हणा ना." (धवले म्हणजे आमच्या आगरी लग्नातले विधी होताना गायची गाणी, ती गाणारी बाई धवलारीण.) मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू घरात गोड्या पाण्याची विहीर होती आणि हिने ती बुजवून वर टाइल्स बसवल्या. गेल्या महिन्यात आलेल्या मुलाने तर सरळच विचारलं, "मग शिकला का नाहीत?" त्याला मी चहा दिला, निवट्यांचं कालवण कसं करतात ते सांगितलं आणि उत्तर काही दिलं नाही. ते आता देते, एकदाच, परत कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

धवलारीण म्हणजे कोण हे विचारणाऱ्यांना माहीत असतंच (म्हणून तर येतात), पण एक गोष्ट हटकून चुकते. धवला हे "लग्नातलं लोकगीत" नाही. म्हणजे आहे, पण लग्नात मध्येच बसून म्हणायचं गाणं नाही ते. मांडव घालण्यापासून, उंबर आणण्यापासून, हळद, तेल, आंघोळ, प्रत्येक कामाचा धवला वेगळा आणि धवलारीण गात असते म्हणजे ते काम होत असतं. ती थांबली की काम थांबलं. आमच्याकडे भटजी नंतर आले, लग्न आधी बायकाच लावायच्या असं आजी सांगायची. एक पुढे गाणार, दुसरी मागून झेलणार. पुस्तक नाही, वही नाही, माझ्या आजीला सही येत नव्हती, जमिनीच्या कागदांवर तिचा अंगठा आहे. मानधन म्हणजे सुपात तांदूळ, नारळ, खण, नंतर नंतर पाकीट.

मागे एका प्राध्यापकांनी माझा उच्चार सुधारला होता. "धवला नाही हो, धवळा. मूळ शब्द धवळे." तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले, महानुभावांच्या गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यात म्हटले, मराठीतली पहिली कवयित्री ती, वगैरे त्यांनी छान सांगितलं आणि मला ते खरंच आवडलं, सातशे वर्षांपूर्वीपण एक बाई लग्नात उभी राहून गातेय म्हणजे काय. पण आजीला ळ नव्हता. आमच्यात कोणालाच नव्हता. हलद, डोला, शाला. आणि ड चा र, गारी, घोरा. पहिलीत बाईंनी मला वर्गासमोर उभं करून "शाळा" वीस वेळा म्हणायला लावलं होतं आणि मी ते इतकं नीट शिकले की घरी येऊन आजीला शिकवायला लागले. ती हसायची, म्हणायची, "तुजी जीभ शेरात गेली." गाव तिथेच होतं खरं तर, कोपरखैरण्यातच, शेरच आमच्याकडे आलं होतं.

आता यावर तुम्ही म्हणाल, बघा, शाळेने केलं. हो, मी पण बरीच वर्षं हेच म्हणत होते. शाळेने केलं, शहराने केलं. आणि ते खोटं नाहीये, प्लीज. १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी या नव्या शहरासाठी, नवी मुंबईसाठी, गेल्या. आमची खाडीकडची खारजमीन होती, भाताची, बांध आणि उघाडी सांभाळायला सगळं गाव लागायचं. उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत येऊ न देणारं आणि पावसाचं बाहेर सोडणारं दार, ते फुटलं तर कोणा एकट्याचं शेत बुडत नसे म्हणून कोणी एकटा ते बांधतही नसे, आणि तीच माणसं मग एकमेकांच्या मांडवाला. भात झोडून झालं की लग्नं. आता शेत नाही, खळं नाही, अंगणात चार मजली इमारत आणि खालचे गाळे भाड्याने. मोबदल्यासाठी १९८४ साली जासई-उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, त्या लढ्याचे पुढारी दिबांचं, म्हणजे दि. बा. पाटलांचं, नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून आमच्या पिढीला २०२१ मध्ये रस्त्यावर उतरावं लागलं, त्या गर्दीत मी पण होते. तर धवला गेला तो काही हवेत विरून नाही गेला, ज्या अंगणात तो उभा राहायचा ते अंगण गेलं. हे मी कोणालाही, कुठेही, अर्धा तास सांगू शकते. सांगतेही.

पण हे सांगताना एक गोष्ट मी नेहमी वगळते.

२००८ चा मे महिना, माझी हळद. आमच्या गल्लीत, दोन इमारतींच्या मधे मांडव, वरून कोणाच्या तरी एसीचं पाणी ठिबकत होतं त्याला बादली लावलेली. आजी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढची. माझ्या लग्नाला दुसरी कोण धवलारीण येणार, तीच बसली, आणि तिच्या मागून झेलायला तिची नेहमीची जोडीदारीण, तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. दुपारी चारला सुरू झाल्या त्या. मध्ये फक्त चहा. आठ वाजता ऑफिसची मंडळी आली ठाण्याहून, सोळा-सतरा जण, पहिल्यांदाच आगरी हळद बघणार म्हणून उत्साहात, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिली. समोर दोन म्हाताऱ्या एकाच चालीत गातायत. एक ओळ पुढे, तीच मागून. पाच मिनिटं सगळ्यांनी फोटो काढले. नंतर मी बघत होते, एकीने घड्याळ बघितलं, एकाने जांभई दाबली, आमचा टीम लीडर हळूच म्हणाला "हे किती वेळ चालतं?" आणि पलीकडे माझा चुलत भाऊ त्याची पोरं घेऊन डीजेपाशी उभा, मला लांबूनच मनगटावर बोट आपटून दाखवत होता, कारण दहाला स्पीकर बंद करायचा असतो आणि नऊ वाजून गेले होते.

तेलाचा धवला चालू होता. त्यात आमच्या आजीची एक रीत होती, ती आधी गावदेवाला बोलवायची, एकवीरेला बोलवायची, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायची की या, पोरीला तेल लागतंय. पणज्यापासून सुरू करायची. सगळ्यांना एकेक ओळ, ती परत झेलली जाणार, म्हणजे दोन ओळी. आमच्या घरात गेलेली माणसं पुष्कळ.

मी पाटावर, अंगाला हळद, डोक्यावर आजीचा हात. आणि मी म्हटलं, "आजी, आटप ना आता."

हळूच म्हटलं होतं. पण व्हिडिओवाल्याला आवाज नीट पाहिजे म्हणून त्याने आजीच्या पुढ्यात माइक ठेवला होता. सगळ्या गल्लीत ऐकू गेलं. वरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या भाडेकरूंनासुद्धा.

आजी ओळीच्या मध्यात थांबली. मावशीला कळलंच नाही, ती अर्धी ओळ एकटीच झेलत राहिली, पुढे काहीच नसताना, आणि मग तिचाही आवाज खाली गेला. आजी म्हणाली, "बरं बाय." तेल लावलं, काही न गाता. मग उठली, गुडघे धरून, कोणीतरी हात दिला. दोन मिनिटांत डीजे सुरू झाला, ऑफिसची मंडळी एकदम जिवंत झाली, आणि मी नाचले. हे पण लिहिते कारण हे पण झालं, मी खूप छान नाचले, हळद सुकून पापुद्रे पडेपर्यंत. आजी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती. रागावली असती तर बरं झालं असतं असं मला नंतर वाटलं, पण ती खरंच टाळ्या वाजवत होती.

आता कोणाच्या नावाआधी ती थांबली? आजोबांचं झालं होतं. मोठ्या काकांचं झालं होतं. पुढचं बाबांचं होतं. बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. तर प्रश्न असा की मला तेव्हा ते माहीत होतं का. यावर मी स्वतःला गेली इतकी वर्षं दोन्ही उत्तरं देतेय. कधी म्हणते, कुठलं माहीत असणार, मी ऐकतच नव्हते, माझं लक्ष टीम लीडरकडे. कधी वाटतं, माहीत होतं आणि म्हणूनच म्हटलं, सतरा परक्या माणसांसमोर मला रडायचं नव्हतं. दुसरं उत्तर जरा बरं दिसतं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास कमी आहे.

"मग त्या व्हिडिओत असेल ना!" हे ट्रायपॉडवाल्या मुलाचं वाक्य, अगदी डोळे चमकवून. डीव्हीडी आहे. व्हिडिओवाल्याने त्या सगळ्या भागाचा मूळ आवाज काढून त्यावर सिनेमातलं गाणं टाकलंय, तेव्हा सगळेच टाकायचे. आजीचे ओठ हलतात, माझे ओठ हलतात, आजीचे थांबतात, आणि मागे सनई-व्हायोलिन.

शिकायला गेलेच नाही असंही नाही. २०११ मध्ये, मुलगी झाल्यावर, मोबाइल घेऊन बसले आजीपुढे, म्हटलं सांग, मी रेकॉर्ड करते. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मांडव नाय, हलद नाय, मंग धवला कसा गावाचा?" टोमणा नव्हता तो. तिच्या हिशेबी मांडवाशिवाय धवला म्हणजे देवांना आवतण द्यायचं आणि घरात लग्नच नाही, चेष्टा झाली ती. मी हट्ट केला नाही. करायला पाहिजे होता? संशोधन करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, करायला हवा होता, हा ठेवा सगळ्यांचा असतो. असेल. पण ज्या बाईला मी मांडवात गप्प केलं तिला मांडवाबाहेर गा म्हणून गळ घालायची हे मला जमलं नाही. दोन वर्षांनी ती गेली. मला एक ओळ आठवते, तेलाच्या धवल्यातली, ती मी इथे लिहिणार नाही आणि कॅमेऱ्यासमोर म्हणणारही नाही.

अजून एक, यावरून मला जास्तच राग येतो. धवल्यासाठी हळहळणारे हेच लोक दुसऱ्या श्वासात म्हणतात, "नाहीतर तुमच्याकडे आता नुसता धांगडधिंगा झालाय." तोच माझा चुलत भाऊ, मनगटावर बोट आपटणारा. त्याची आधी बेंजो पार्टी होती, मग डीजे, आता तो आणि त्याची पोरं स्वतः गाणी लिहितात, घरातच एका खोलीला गाद्या लावून स्टुडिओ केलाय. गाणी मला सगळी आवडत नाहीत, काही फारच फालतू असतात, बंगला, गाडी, सोनं, झालं. पण त्यात "मना" असतं, "तुना" असतं, "हलद" असते, आणि ऐरोलीच्या इंग्लिश मीडियममधली आगरी पोरं ती तोंडपाठ म्हणतात. मी, धवलारणीची नात, शुद्ध मराठीत परंपरेवर अर्धा तास बोलणारी, माझ्या मुलीशी एक वाक्य आगरीत बोलत नाही. मग आमची भाषा कोणी सांभाळली, मी की त्या धांगडधिंग्याने? भावाला हे म्हटलं तर तो म्हणाला, "ताई, आम्ही सांभालत नाय, आमी तसंच बोलतो." पण त्याच्यावरही सगळं सोडू नका, त्यालाच दहाच्या आत स्पीकर लावायची घाई होती. आणि माझ्यावर सोडा म्हणते का मी? थोडं. पूर्ण नाही.

येत्या डिसेंबरात त्याच्याच मुलीची हळद आहे. कार्यक्रमाचा कागद आला ग्रुपवर, इव्हेंटवाल्याने केलेला. त्यात "धवला : ५.३० ते ५.४५". मी भावाशी भांडले, चांगली मोठ्याने भांडले, सव्वासहापर्यंत वाढवून घेतलं. मग कळलं की गाणार कोण हे कोणी ठरवलेलंच नाही. मावशी आहे अजून, घणसोलीला लेकीकडे असते, ऐंशी ओलांडली असेल. तिला वहिनीने फोन केला तर ती म्हणाली, मला सगळे धवले येतात पण पुढे गाता येत नाही, मी जन्मभर मागूनच झेललं, ओळ कोणीतरी टाकली पाहिजे, ती पडली की पुढचं मी बरोबर घेते.

वहिनीने मला विचारलं, तुला तेलाची पहिली ओळ येते का?