सारागढीचा आरसा

सोयाबीन भरू लागले की आमच्या यवतमाळकडच्या वावरात रानडुकरांसाठी जागल सुरू होते, आणि धुऱ्यापलीकडून शेजाऱ्याच्या टॉर्चचा उजेड दोनदा लुकलुकला की आपण एकटे नाही एवढे तरी कळते. त्या उजेडाने मला दर सप्टेंबरात सारागढी आठवते.

आजच्या पाकिस्तानातल्या समाना डोंगररांगेवरचे लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे ब्रिटिशांचे किल्ले एकमेकांना दिसत नसत, म्हणून मधल्या उंचवट्यावर सारागढी ही संदेशचौकी होती. १२ सप्टेंबर १८९७ रोजी हजारो अफ्रिदी व ओरकझाई लढवय्यांनी तिला वेढले, तेव्हा आत ३६ व्या शीख पलटणीचे हवालदार ईशरसिंग आणि त्यांचे २० जवान होते. त्यांच्यातले संदेश पाठवणारे जवान गुरमुखसिंग आरशावर ऊन झेलून, त्याच्या लुकलुकीने लढाईची खबर लॉकहार्टला कळवत राहिले. मदत पोहोचू शकली नाही. अखेर त्यांनी बंदूक घेण्याची परवानगी मागितली, ती मिळताच उपकरण नीट पिशवीत भरले आणि मगच ते लढायला उभे राहिले. मरण दारात असताना सामान आवरणारे ते हात मला फार मोठे वाटतात.

२१ही जण पडले. सर्वांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे भारतीय सैनिकांसाठीचे तेव्हाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्यांच्यासोबत मेलेल्या सेवकाचे नाव मात्र त्या यादीत नाही, आणि ते मला आजही सलते.