नाशिकरोड ते काठमांडू : आधी कागद, मग शंभराच्या नोटा

नेपाळला व्हिसा लागत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच कागदपत्रांकडे दुर्लक्ष होतं. आम्ही पाच जण नाशिकरोडहून काशी एक्सप्रेसने गोरखपूरला आणि तिथून बसने सोनौलीला गेलो. सीमेवरच्या कमानीतून लोक चालत ये-जा करत होते, आम्हालाही कुणी फारसं विचारलं नाही.

घोळ परतीचा झाला. काठमांडूहून विमानाची तिकिटं काढली होती आणि एकसष्ट वर्षांच्या मावशीकडे फक्त आधार! विमानप्रवासाला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्रच लागतं. आधार चालतं ते पंधराच्या आतल्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्यांना. मावशी नेमकी मधल्या वयाची. शेवटी तिच्यासोबत मीही तिकीट सोडलं आणि दोघं रस्त्याने सोनौलीला परतलो. कृपा करून नाशिकमधून निघायच्या आधीच प्रत्येकाचं मतदार ओळखपत्र हातात घेऊन बघा. मूळ कार्ड हवं, मोबाइलमधला फोटो नको.

आता पैसे. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. त्यामुळे कमी देणाऱ्याकडे बदलू नका. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. तेव्हापासून शंभराची नोटच सगळ्यांत निर्धोक. आम्ही बँकेतून शंभराची दोन बंडलं घेतली होती, त्यांवर हॉटेल, टॅक्सी, जेवण सगळं निभावलं. क्यूआरवर यूपीआय बऱ्याच दुकानांत चालतं, पण त्यासाठी इंटरनेट लागतं आणि ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून ठेवावे लागतात. घाटरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर रोखच बरी.

भाव ठरवताना एक प्रश्न न विसरता विचारा : ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये. पोखऱ्यात टॅक्सीवाला पाचशे म्हणाला आणि आम्ही भारतीय पाचशेच्या हिशेबाने पैसे काढायला लागलो. तो बोलत होता एनसी, म्हणजे आपले सव्वातीनशेसुद्धा नाहीत. त्याने स्वतःहून सांगितलं, भला माणूस.

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, बस चुकणार नाही. पशुपतिनाथाला जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट खोलीवरच ठेवा. मुख्य मंदिरात फोटोही काढू देत नाहीत. त्र्यंबकेश्वरच्या रांगेत वाढलेल्या आम्हाला पहाटेचं ते दर्शन फार शांत वाटलं. मावशी बागमतीच्या घाटावर तासभर नुसती बसून होती.

उरलेले नेपाळी रुपये सीमेच्या अलीकडे येण्याआधीच बदलून घ्या. नाशिकमध्ये ते कुणी घेत नाही.