काचेखालचा काटा

गेल्या रविवारी धरमपेठेतील एका मोठ्या दुकानात मी घेतलेल्या संत्र्यांचे वजन पडद्यावर १.३४० किलो दिसले. "काकू, तुमची पिशवी काचेला टेकली आहे, जरा बाजूला घेता का?" असे बिलिंगवरच्या मुलीने म्हटले आणि मी पिशवी उचलताच आकडा १.२१५ वर येऊन थांबला. माझ्या वडिलांचे इतवारीत काटेदुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे हे १२५ ग्रॅम कुठून आले ते मला लगेच कळले. पण मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना मशीनच बिघडले असे वाटले. रांगेत त्यांना नीट समजावता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ज्या काचेवरून आपला बिस्किटांचा पुडा सरकतो, ती काच हेच काट्याचे पारडे असते. तिच्याखाली एकाच पेटीत दोन स्वतंत्र यंत्रे काम करतात: बारकोड वाचणारा स्कॅनर आणि वजन करणारा काटा. स्कॅनरला वजन कळत नाही आणि काट्याला वस्तू कळत नाही. दोघांची माहिती बिलिंगच्या संगणकात एकत्र येते.

स्कॅनरचे काम तुलनेने सोपे आहे. लेझरचा किरण फिरत्या आरशावरून आणि आजूबाजूच्या स्थिर आरशांवरून परावर्तित होऊन काचेवर आडव्यातिडव्या रेघांचे जाळे विणतो, त्यामुळे पुडा कसाही धरला तरी एखादी रेघ बारकोड ओलांडतेच. पांढऱ्या पट्ट्यांवरून प्रकाश परततो, काळ्यांवरून फारसा परतत नाही, आणि त्या चढउतारांतून १३ आकडे वाचले जातात. त्यांतला शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून ठरवलेला असतो. एकही आकडा चुकीचा वाचला गेला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो कोड स्वीकारत नाही. नव्या यंत्रांत लेझरऐवजी कॅमेरे असतात.

खरे कौशल्य आहे ते काट्यात. काचेचा भार खालच्या लोडसेलवर, म्हणजे बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या एका पोकळ दांडीवर येतो. भार पडला की ही दांडी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चार स्ट्रेन गेज, म्हणजे ताण किंवा दाब पडला की विद्युतरोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्या, चिकटवलेले असतात; त्यांपैकी दोन ताणले जातात व दोन दाबले जातात, आणि त्यांच्या विद्युतरोधातील फरकावरून वजन ठरते. १५ किलो क्षमतेच्या सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला साधारण १० मिलिव्होल्टचा संकेत मिळतो; म्हणजे ५ ग्रॅमसाठी जेमतेम ३ मायक्रोव्होल्ट. एवढासा संकेत नागपूरच्या मे महिन्यातही फारसा भरकटत नाही, कारण उष्णतेचा परिणाम चारही गेजवर सारखाच होतो आणि जोडणीच अशी असते की तो एकमेकांत वजा होतो. वडील जुनी लोडसेल हातावर ठेवून मला ही जोडणी दाखवीत, तेव्हा त्यांच्या आवाजात वेगळाच आदर असे.

मात्र वरून काय टेकले आहे, हे लोडसेलला कळण्याचा मार्ग नाही. पिशवी टेकली की वजन वाढते. उलट काच आणि चौकट यांच्या फटीत काही अडकले, तर थोडा भार चौकटीवर जातो आणि वजन कमी भरते. तेव्हा नुकसान दुकानदाराचे होते. वजनमापे तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडून काट्याचे पासिंग, म्हणजे तपासणी, दरवर्षी होते, त्याचा ठसा काट्यावर असतो आणि तो पाहण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे. पण ती फट रोजच साफ करावी लागते. म्हणून माल ठेवण्याआधी पडद्यावर शून्य आहे का, एवढे तरी आपण पाहावे, असे मला मनापासून वाटते.

माझे बिल झाल्यावर त्या मुलीने काच उचलली, कडेची कांद्याची साल काढून टाकली, काच परत बसवली आणि पडद्यावर ०.००० येईपर्यंत थांबून मगच त्या गृहस्थांचे टोमॅटो घेतले.