आधी वर्षभर मोजू, मग भरू : आमची वाटचाल

वडिलांनी कराडमध्ये गवंडीकामाची छोटी कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा भिंतीच्या भेगेवर एकच उपाय चाले. छिन्नीनं खाच मारायची, सिमेंट भरायचं, वरून गिलावा. डिप्लोमा करून मी त्यांच्या हाताखाली आलो आणि मीही तेच केलं.

आमचे डोळे उघडले ते जुन्या पेठेतल्या एका दुमजली घरानं. चुन्यातलं वीटकाम. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग सांध्यासांध्यानं, पायऱ्या उतरत जोत्यापर्यंत गेलेली. ऐन मे महिन्यात आम्ही ती सिमेंटनं घट्ट भरली. पावसाळा सरता सरता मालकीणबाईंचा फोन आला, "दादा, तुमचं सिमेंट जागेवर आहे, पण शेजारच्या विटा फाटल्यात."

खरंच फाटल्या होत्या. इथली जमीन काळी. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि पाया तसूभर खचतो, पावसात फुगते आणि पाया उचलतो. मे महिन्यात भेग सगळ्यात रुंद होती, आम्ही नेमकी तेव्हाच ती भरून टाकली. पावसात तिला मिटायला जागाच उरली नाही. जुनी भाजलेली वीट मऊ, सिमेंट तिच्याहून कडक, त्यामुळे फुटली ती वीट. आम्ही पैसे परत केले, पण मालकीणबाईंची ती भिंत बिघडवली आम्हीच, हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून आम्ही आधी मोजतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे बसवून व्हर्नियरनं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीनं, दर महिन्याला अंतर घ्यायचं. शिवाय भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. मात्र भिंत ओळंब्यातून गेली, म्हणजे कलली असेल, मधेच फुगून पोट आलं असेल किंवा तुळईखालची वीट चिरडत असेल, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी टेकू द्यायचे.

भेगेचं वयही पाहावं लागतं. आमच्याकडची वडीलधारी माणसं प्रत्येक भेगेला "ही कोयनेची" म्हणतात, म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपातली. काही असतातही. बॅटरी लावून आत बघितलं की कळतं. कडा गोल झालेल्या, आत जाळी, चुन्याच्या सफेदीचे थर उतरलेले, तर ती जुनी. कडा धारदार आणि विटेचा रंग ताजा लाल, तर ती नवी, तिचं कारण शोधायचं. बहुतेक वेळा ते पाण्यातच सापडतं. न्हाणीचा फुटलेला पाइप, पागोळ्यांचं पाणी थेट पायाशी पडणं, नाहीतर भिंतीत रुजलेला पिंपळ. एका घरात आम्ही फक्त सांडपाण्याची नळी बदलली आणि भेग थांबली. बिल किरकोळ झालं, पण त्या घरमालकांनी पुढं तीन कामं मिळवून दिली.

दुरुस्ती चुन्यातच करतो. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, खरवडून पाणी मारायचं, भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू एकास तीन भरायची, वर ओलं गोणपाट. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, घाई केली की भुगा होतो. फुटलेल्या विटा एकेक काढून जुन्या मापाच्या बसवतो. भेग मोठी असेल तर दर चार-सहा थरांनंतर आडव्या सांध्यात स्टेनलेस स्टीलची पिळाची सळई घालतो, भेगेच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर.

पाहणीची फी वेगळी घ्यायला लागलो तेव्हा बरीच गिऱ्हाइकं गेली. "भेग बघायचे कसले पैसे?" प्रश्न रास्त होता. आता आम्ही मापांची वही त्यांच्याच घरी ठेवतो, आकडे ते स्वतः वाचतात.

सध्या नऊ घरांत आमच्या काचा आहेत. त्या पहिल्या घराच्या मालकीणबाईंनी मागच्या वर्षी पुन्हा बोलावलं. आम्ही आमचंच सिमेंट कोरून काढलं. मेमध्ये भेग ७ मिलिमीटर होती, ऑगस्टमध्ये ४. पायाभोवतीचं पाणी वळवलं आहे. यंदाच्या मेमध्ये ती ५ च्या पुढं गेली नाही. येत्या दिवाळीनंतर चुना भरायला घेऊ.