छातीत दुखत नाही, मग टीएमटी कशाला?

कबड्डीच्या सरावात लेकीचं डोकं आपटलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला, 'आराम करू दे' म्हणून घरी पाठवलं. दोन महिने होत आले तरी वर्गातला गोंगाट तिला सोसेना, फळ्याकडे पाहिलं की डोकं ठणकायचं. आराम तरी किती करायचा?

शोधताना अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या जॉन लेडी आणि बॅरी विलर या संशोधकांचं काम वाचलं: डोक्याला असा मार (कन्कशन) बसल्यावर नुसत्या आरामाऐवजी बेताचा व्यायाम. आधी ट्रेडमिलवर चालवायचं, वेग तोच ठेवून दर मिनिटाला चढ एक टक्का वाढवायचा. डोक्याचा त्रास वाढला की थांबायचं आणि त्या वेळचे हृदयाचे ठोके मोजायचे. मग त्याच्या ८० टक्के ठोक्यांवर रोज वीस मिनिटं व्यायाम. न्यूरोच्या, म्हणजे मेंदूविकाराच्या, डॉक्टरांना पटलं, त्यांनी चिठ्ठी दिली.

पण ट्रेडमिलवरची चाचणी, म्हणजे टीएमटी, हृदयरोग विभागात! खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "छातीत दुखतं का?" नाही म्हटलं. "मग पंधरा वर्षांच्या पोरीला टीएमटी कशाला?" चिठ्ठी परत. फॉर्मवर छातीत दुखणं, धाप, बीपी एवढेच चौकोन. हृदयरोगवाल्यांची सही आणा म्हणाल्या. ते म्हणाले, न्यूरोनं कारण लेखी द्यावं. न्यूरोची ओपीडी तोवर बंद. लेक बाकावर डोळ्यांवर ओढणी घेऊन बसलेली, डोक्यावर ट्यूबलाइट फडफडतेय. ज्या उजेडाचा तिला त्रास, त्यातच तासन्‌तास बसवलं, याचा राग अजून जात नाही.

पुढच्या खेपेला आत घेतलं, तर तंत्रज्ञ हृदयाच्या चाचणीची नेहमीची पद्धत, ब्रूस प्रोटोकॉल, लावायला निघाले. त्यात दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग दोन्ही वाढतात. मी छापून नेलेला कागद पुढे केला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि मशीन मॅन्युअलवर टाकलं. दर मिनिटाला विचारायचे, "दहापैकी त्रास किती, बाळ?" १४० ठोक्यांना तिनं हात वर केला. म्हणजे व्यायाम ११२ पर्यंत. तो आकडा हातात आला तेव्हा मला रडूच फुटलं.

तुम्हाला जायचं असेल तर चिठ्ठीवर कारण आणि पद्धत, दोन्ही लिहून घ्या. मान दुखत असेल, तोल जात असेल तर तेही आधी तपासून घ्या. मार ताजा असेल तर पहिले २४ ते ४८ तास विश्रांतीच. लेडी-विलर यांच्या २०१९ च्या प्रयोगात व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत सावरली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी १७ दिवसांत. पण त्यांची दुखापत ताजी होती, जुन्या दुखण्याला तो हिशेब लावू नका.

सध्या ती सकाळी आमराईत चालते, घड्याळात ११२ दिसले की पाय आवरते. गणिताचा तास पूर्ण बसते. कबड्डीला परवानगी नाही अजून. पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी आहे, तेव्हा चिठ्ठी डॉक्टरांसमोरच वाचून घेणार आहे.