तुम्ही विचारलंत म्हणून: मी सुलभक म्हणून का येत नाही

"मॅडम, तुमची तासिका असली की दिवस बरा जायचा. आता प्रशिक्षणाला सुलभक म्हणून, म्हणजे आम्हा शिक्षकांना शिकवायला, का येत नाही?"

तालुक्यातले जुने सहकारी विचारतात, नव्याने लागलेले शिक्षणसेवक विचारतात, ज्यांनी मला पहिल्यांदा राज्यस्तराच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं ते विस्तार अधिकारीही विचारतात. प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगत आले. घरचं दुखणं, शाळा द्विशिक्षकी, मी गेले की मागे एकच शिक्षक राहतो. यातलं काही खोटं नाही, पण एवढंच असतं तर मी वाट काढली असती. परवा केंद्रातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, एकाने सरळ विचारलं, "कंटाळलात का?" तो शब्द मला लागला. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

कंटाळले नाही. उलट मला या कामाचं वेड होतं. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघायला निघाल्या, त्यात मीही होते. तिथल्या एका वर्गात भिंतीला टेकून बसले. पहिलीतली दोन मुलं काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधत होती. एकाचा गठ्ठा नऊचा झाला, दुसऱ्याने तो सोडायला लावला, पुन्हा मोजायला लावला, आणि बाई मध्ये पडल्या नाहीत. तोवर ज्ञानरचनावादावर, म्हणजे मूल स्वतः करून बघत शिकतं या विचारावर, मी कितीतरी भाषणं ऐकली होती. त्यातलं काही माझ्या हाताला लागलं नव्हतं. ते त्या अर्ध्या तासात लागलं. तिथल्यासारखी वर्गाची फरशी अक्षरं-आकड्यांनी रंगवायच्या आधी, परत आल्यावर मी मध्ये न पडायचं शिकले, आणि त्याला बराच काळ लागला. आमच्याकडे पुष्कळ शाळांनी फरश्या आठवड्यात रंगवल्या. रंग अजून दिसतो.

तेव्हाची मी या शिक्षकांवर चिडायचे. "साहित्य आहे, प्रशिक्षण आहे, मानसिकताच नाही," हे वाक्य मी माइकवरून बोललेले आहे. आज ती सुलभक समोर आली तर तिला विचारीन, बाई, तू पाहिलास तसा वर्ग त्यांना कुणी दाखवला होता? तीही गप्प बसणार नाही. म्हणेल, मग तू तरी वर्ग पाहून नुसती बसून राहिलीस का, कामाला लागलीस ना? यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही.

प्रशिक्षण वरून खाली कसं येतं ते तुम्हाला सांगायला नको. पुण्याहून जिल्ह्यात डाएटला, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, तिथून तालुक्याच्या गट साधन केंद्रात, तिथून काही शाळा मिळून केलेल्या केंद्रात. प्रत्येक पायरीवर एक-दोन दिवस कमी होतात, आणि कमी होतो तो नेमका करून बघायचा भाग, कारण भाषण आटोपशीर असतं आणि सरावाला मुलं लागतात. तालुक्याच्या प्रशिक्षणात मुलं नसतातच. आम्ही शिक्षकांनाच पहिलीची मुलं करतो. चाळीस-पन्नास वर्षांची माणसं "बाई, मला येत नाही" म्हणतात, सगळे हसतात, आणि कृती झाली अशी नोंद होते. तरी ही प्रशिक्षणं मी मनापासून घेत होते. मुलांचं शिकणं समजलेल्या माणसाने तालुक्यात बोलावं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

आता ज्या गोष्टीमुळे थांबले ती सांगते.

निपुण भारतचं, म्हणजे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचं प्रशिक्षण चालू होतं. माझी तासिका ध्वनी जाणिवेवर, म्हणजे शब्दातले आवाज ऐकून ओळखण्यावर, होती. शेवटच्या बाकावर एक गुरुजी बसले होते, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. पूर्ण वेळ वहीत लिहीत होते. तासिका संपताना त्यांनी हात वर केला.

"मॅडम, हे पहिलीचं झालं. माझ्याकडे पहिली ते चौथी एका खोलीत आहेत. दुसरे सर प्रतिनियुक्तीवर. मी पहिलीला हे खेळ घेतो तेव्हा बाकीच्या तीन वर्गांना काय देऊ?"

मी म्हणाले, चौथीतली हुशार मुलं गटप्रमुख नेमा. ते म्हणाले, "चौथीत दोन मुलं आहेत. दोघंही आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलीत." सभागृहात शांतता झाली. घटक संचात, म्हणजे प्रशिक्षणासाठी आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत, बहुवर्ग अध्यापनावर स्वतंत्र तासिका नव्हती. मी खरं ते सांगितलं, "माझ्याकडे आत्ता उत्तर नाही." त्यावर गुरुजी म्हणाले, "मग या की एकदा शाळेवर. दोघं मिळून बघू." त्यात टोमणा नव्हता. एवढ्या वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात सरळ आमंत्रण होतं.

मी जाण्याची परवानगी मागितली. उत्तर मिळालं की सुलभकाचं काम प्रशिक्षणापुरतं, शाळाभेट केंद्रप्रमुख करतात. त्या केंद्राला केंद्रप्रमुख नव्हते, शेजारच्या केंद्राकडे अतिरिक्त कार्यभार होता. शेवटी किरकोळ रजा टाकली आणि गेले.

कातकऱ्यांची वाडी. दिवाळी झाली की निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गुरुजींच्या पिशवीत शिक्षण हमी पत्रकांच्या (स्थलांतरित मुलाला नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून देतात त्या पत्रांच्या) प्रतींचा गठ्ठा होता आणि एक उभी वही. वहीत एका बाजूला मुलाचं नाव, पुढे भट्टीचं गाव, पुढे त्या गावच्या शाळेतल्या शिक्षकाचा फोन नंबर, आणि शेवटच्या रकान्यात 'जातो', 'जात नाही', 'फोन लागला नाही'. दर महिन्याला नवी तारीख टाकलेली. ही वही त्यांना कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवली नव्हती, आणि कुठल्या ॲपमध्ये ती भरायची सोय नव्हती.

मग मी त्यांचा वर्ग पाहिला. मुलं कातकरीत बोलत होती आणि गुरुजीही. एका मुलीने रात्री घरात साप निघाल्याचं सांगितलं. तिने सांगितलं तसं वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं, शेजारी तेच पुस्तकातल्या मराठीत लिहिलं, आणि दोन्ही वाचायला लावलं. पहिली-दुसरीची पोरं साप शोधत दोन्ही ओळींवर बोट फिरवत होती. मी शिकवायला गेले होते, आणि मुलांच्या बोलीतून वाचनाकडे कसं न्यायचं हे तिथे मीच शिकत होते. मला देता आलं ते एवढंच की तिसरी-चौथीसाठी, उत्तर मागे लिहिलेली, मुलांनी आपली आपण तपासायची कार्डं आम्ही दोघांनी जुन्या पुठ्ठ्यांची केली, आणि वेळापत्रक असं बसवलं की एका वेळी एकाच गटाला गुरुजी लागतील. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. कार्डं चालतात, पण दुसरीतल्या मुलांना एकट्याने बसवत नाही, पुन्हा याल का? मला जायचं होतं. जाता आलं नाही. माझ्या शाळेत मीही हवी होते आणि रजा मोजक्या असतात.

पावसाळ्याच्या तोंडावर मुलं परत आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत अध्ययन स्तर तपासायला पथक आलं. ज्यांना वाचता आलं नाही त्यातली बहुतेक मुलं चार-सहा महिने भट्टीवर होती. गुरुजींना कारणे दाखवा नोटीस आली. ते ती घेऊन माझ्या घरी आले. त्यातली ओळ मला पाठ आहे: "आपण सदर प्रशिक्षण पूर्ण केले असूनही अपेक्षित अध्ययन स्तर आढळून आला नाही." खाली महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम १९६४ चा हवाला, आणि सोबत पुरावा म्हणून प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकाची छायाप्रत. प्रत्येक दिवसाखाली गुरुजींची सही आणि तळाशी सुलभक म्हणून माझी.

त्यांनी माझी तक्रार केली नाही. म्हणाले, "खुलाशाला जोडायला एक कागद द्या. बहुवर्गाचं या प्रशिक्षणात नव्हतं, एवढंच लिहा." मी लिहून दिलं. तासिका कोणत्या होत्या, कोणत्या नव्हत्या, मी शाळेत काय पाहिलं, सगळं. मला बोलावणं आलं. "तुम्ही सुलभक आहात, आणि प्रशिक्षण अपुरं होतं असं तुम्हीच लिहिता?" मी म्हणाले, हो, मी घेतलं म्हणूनच मला ठाऊक आहे. प्रकरण सक्त ताकीद देऊन निकाली निघालं. गुरुजी ती ताकीद घेऊन निवृत्त झाले. त्यांच्या वहीबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही.

त्यानंतर सुलभकांच्या यादीत मी नाव दिलं नाही. कारण मला कळलं की मी शिकवते त्या सभागृहात दोन कामं एकदम चालतात. एक शिकवण्याचं, आणि दुसरं 'यांना सांगितलं होतं' असा कागद तयार करण्याचं. पहिलं अर्धवट राहिलं तरी दुसरं पूर्ण होतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासाची संधी मिळावी. माझा त्याला विरोध नाही, ५० काय, ७० द्या. पण ते तास मोजतो कोण आणि कशाने? कोरोनाच्या काळात 'निष्ठा' हे केंद्राचं शिक्षक प्रशिक्षण 'दीक्षा' ॲपवर आलं. तेव्हा व्हिडिओ एका फोनवर चालू आणि दुसऱ्यावर शिधावाटपाची माहिती भरणं चालू, असे शिक्षक मी पाहिले. आळशी म्हणू नका त्यांना. दोन्हींची शेवटची तारीख एकच होती. वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण १२ वर्षांच्या सेवेनंतर, निवड श्रेणीचं २४ वर्षांनंतर, आणि ते वेतनाला बांधलेलं, त्यामुळे तिथे प्रमाणपत्राशिवाय दुसरं काही मनात येत नाही. आता १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) न झालेल्या शिक्षकांना दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायचं आहे. रात्री जागून मानसशास्त्राचे प्रश्न पाठ करणाऱ्या माणसाला दुपारी "तुमच्या वर्गातली अडचण मोकळेपणाने सांगा" म्हटलं तर तो सांगेल का? अडचण सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध कागद देणं, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे.

लोक म्हणतात, मग शिक्षकांना हवंय तरी काय? मी माझ्यापुरतं सांगते. मला माणूस हवा, जो माझ्या वर्गात पूर्ण दिवस बसेल, मुलांच्या वह्या उघडेल, एखादा तास स्वतः घेईल, चुकेल, आणि पंधरा दिवसांनी परत येईल. शाळांना मदत करायला तालुक्यात नेमलेल्या विषय साधनव्यक्तींचं काम हेच होतं. त्यांच्यातली काही फार जाणती माणसं आहेत, वर्षानुवर्षं कंत्राटावर, आणि त्यांचा बराच दिवस माहिती गोळा करण्यात जातो. महिन्याची शिक्षण परिषदही यासाठीच. तिथे एका शिक्षकाने आपला फसलेला पाठ मांडावा आणि बाकीच्यांनी त्यावर डोकं लावावं, असं आमच्या केंद्रात काही महिने झालं. मग परिपत्रकं वाचण्यातच वेळ संपू लागला.

माझ्यावर घेतला जाणारा आक्षेप मला माहीत आहे. तुम्ही सोडलंत म्हणून सुधारलं काय? तुमच्या जागी आता पीपीटी वाचून दाखवणारे येतात. खरं आहे. निवृत्तीच्या समारंभात गुरुजींनी स्वतः मला हेच सांगितलं: "तुमच्या तासिकेतले ध्वनीचे खेळ मी शेवटपर्यंत घेतले. तुम्ही थांबायला नको होतं." ज्या माणसासाठी मी थांबले म्हणते, त्यालाच ते पटलं नव्हतं. मी तेव्हाही वाद घातला आणि आजही घालीन, पण ते चूक बोलत होते असं मला म्हणवत नाही.

या वर्षी पुन्हा सुलभकांची यादी मागवली आहे. नव्या केंद्रप्रमुखांनी मला न विचारता माझं नाव घातलं. ते चांगले गृहस्थ आहेत, म्हणून नाव काढा म्हटलं नाही, अर्ज दिला. अर्जात दोन गोष्टी आहेत. माझ्या तासिकेला बसलेल्या शिक्षकांपैकी जे बोलावतील त्यांच्या वर्गात महिन्यातून एक दिवस जाण्यासाठी मला कार्यमुक्त करावं, आणि त्या दिवशी माझ्या वर्गावर बदली शिक्षक द्यावा. आणि मी सही केलेलं हजेरीपत्रक कुणाच्याही नोटिशीला जोडू नये. पहिली मागणी मिळेल असं केंद्रप्रमुखांना वाटतं. दुसरी लेखी कुणी देणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तरी अर्ज वर पाठवा. त्यांनी पाठवला आहे.