पाऊण इंच

माझं आडनाव जोशी. आइस हॉकीत आडनावाची शेपटी तोडायची, तिथे ‘ई’ नाहीतर ‘सी’ चिकटवायची आणि त्याच नावानं हाक मारायची, अशी रीत आहे. माझं आयतंच तयार होतं. पहिल्या दिवशी एका पोरानं विचारलंसुद्धा, ‘‘हे टोपणनाव झालं, खरं आडनाव काय?’’

अमेरिकेच्या ईशान्येला, एएचएलमधल्या (आइस हॉकीची सगळ्यात वरची लीग एनएचएल, तिच्या एक पायरी खालची ही) एका टीमच्या सामानघरात मी काम करतो. ओले कपडे वाळवायचे, बॅगा भरायच्या, आणि मुख्य म्हणजे स्केट्सना धार लावायची. आई चिंचवडला शेजारपाजारी ‘तो टीमबरोबर असतो’ एवढंच सांगते. ‘धार लावतो’ म्हटलं की सायकलवर चाक चढवून गल्लीतून ओरडत जाणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, म्हणून. खरं तर फार फरक नाही. बाबा भोसरीच्या एका टूलरूममध्ये ग्राइंडरवर होते, मीही तिथे दोन वर्षं काढली. व्हील ड्रेस करणं, म्हणजे घासायच्या चाकाला हिऱ्यानं नीट आकार देणं, बर म्हणजे कडेला उरलेली धातूची कुसळं काढणं, ठिणगी बघून हात हलका करणं हे सगळं तिथलंच. बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो, गावातल्या सार्वजनिक रिंकवर भाड्याच्या स्केट्स घासू लागलो आणि तिथून टीमनं उचललं.

स्केटचं पातं सुरीसारखं नसतं. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची ती पट्टी असते आणि तिच्या तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते. त्यामुळे एका पात्याला दोन कडा मिळतात, आतली आणि बाहेरची. पन्हळ किती खोल, हे ठरतं व्हीलच्या गोलाईवर. अर्धा इंच त्रिज्येची गोलाई दिली तर पन्हळ खोल होते, कडा बर्फाला घट्ट धरतात. पाऊण इंच दिली तर ती उथळ होते. घसरायला मोकळं, पण वळताना पकड कमी. आमच्या गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, पाऊण लागतं. सत्तावीसला अर्धा.

सत्तावीस म्हणजे त्याच्या जर्सीचा नंबर. सामानघरात नावं नसतात, सगळं नंबरावर चालतं.

तीस वर्षांचा डिफेन्समन, सास्काचेवानमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, त्याला कुणी घेतलं नव्हतं. कॉलेज, मग आमच्याही खालची ईसीएचएल, मग आमची एएचएल. असे नऊ हंगाम. एनएचएलमध्ये एकही सामना नाही. आमच्या लीगमधली प्रत्येक टीम वरच्या एखाद्या टीमशी बांधलेली असते, त्यांची नर्सरीच म्हणा ना. आणि नर्सरीत थोराड झाडं फार ठेवत नाहीत. गोली सोडून जे अठरा जण सामन्याला उतरतात, त्यांत तेरा ‘शिकाऊ’ असावेच लागतात. त्यातल्या बारा जणांचे व्यावसायिक सामने २६० च्या वर चालत नाहीत, तेराव्याला ३२० पर्यंत सूट. म्हणजे पाचशेहून जास्त सामने खेळलेला माणूस उरलेल्या पाच जागांसाठी रांगेत. बरा खेळत असूनही सत्तावीसला कितीतरी रात्री बाहेर बसवलेलं मी पाहिलंय. अशा रात्री तो सूट घालून माझ्या खोलीत यायचा आणि उलट्या बादलीवर बसून शेंगदाणे खात मशीनकडे बघत राहायचा. बोलणं फारसं नाही. एकदाच म्हणाला, ‘‘जोशी, तुझा आवाज बरा वाटतो.’’ आवाज म्हणजे व्हीलचा.

जानेवारी २०२४. आमचा सामना संपून तास झाला होता. वरच्या टीमचे दोन डिफेन्समन जायबंदी होते आणि त्या संध्याकाळी तिसरा आजारी पडला. रात्री साडेदहाला सत्तावीस माझ्या दारात, हातात फोन. ‘‘वर बोलावलंय.’’

त्याचा करार फक्त एएचएलचा होता. तेवढ्यावर वर खेळता येत नाही, म्हणून रात्रीच एनएचएलच्या करारावर सह्या झाल्या. त्या हंगामात वरचा किमान पगार होता ७,७५,००० डॉलर, आणि तो दिवसाच्या हिशेबानं मिळतो. हंगामाचे साधारण १९० दिवस धरले तर वर काढलेल्या एकेका दिवसाचे चार हजारांच्या आसपास. तो हे काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘पहाटे पाचला गाडी येतेय. धार लावतोस?’’

दोन मशीनपैकी एक बिघडलेलं, दुरुस्तीला गेलेलं. उरलेल्या एकावर मी नुकत्याच गोलीच्या स्केट्स केल्या होत्या. त्याच्या स्केट्स घेतल्या, जादा पात्यांची जोडीही घेतली आणि लागलो. पहिल्या फेऱ्यांना ठिणगी मधून न येता दोन्ही कडांनी उडत होती. नेहमी तीन-चार फेऱ्यांत होतं, त्या रात्री आठ लागल्या. मी म्हटलं, पाती फार बोथट झाली असतील. बाबा असते तर दुसऱ्याच फेरीला मशीन बंद केलं असतं. मी नाही केलं; सोळा तास उभा होतो आणि डोक्यात त्याच्या बॅगेची यादी चालू होती. बर काढली. कडांवर नाणं आडवं ठेवून पाहिलं, दोन्ही बाजू समपातळीत. नाणं कडा सांगतं, खोली सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला फक्त सराव. बाराच्या सुमाराला मी व्हील ड्रेस करायला हिऱ्याचा दांडा पुढे घेतला आणि पट्टीवरचा आकडा दिसला. पाऊण.

पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. चारही पाती, अंगावरची आणि जादाची, गोलीच्या गोलाईची. डिफेन्समनचं अर्धं आयुष्य उलटं पळण्यात जातं. समोरून येणाऱ्याकडे तोंड ठेवून मागे सरकायचं आणि ऐन वेळी एका कडेवर गर्रकन फिरायचं. त्या क्षणी कडेनं दगा दिला तर माणूस आडवा, आणि पुढे मोकळा गोल. शिवाय त्या हंगामात आम्ही सगळेच पात्यांच्या बाबतीत हळवे झालो होतो. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये, शेफील्डच्या रिंकवर, अ‍ॅडम जॉन्सन गळ्याला स्केट लागून गेला होता. आमच्याच लीगमधून वर जाऊन एनएचएलचे १३ सामने खेळलेला खेळाडू. ती बातमी आल्यावर दोन दिवस मला मशीनचं बटण दाबवेना.

घड्याळ बघितलं. वरच्या टीमचा सकाळचा सराव एव्हाना आटोपला असणार. म्हणजे आयुष्यातल्या त्या सरावाला तो माझ्या पाऊण इंचावर उभा राहिला.

गप्प बसता आलं असतं. वरचा सामानप्रमुख तीस वर्षं मुरलेला, त्यानं माझ्याबद्दल काय म्हटलं असतं याची मला भीती होतीच. तरी फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, ‘‘मी सकाळीच त्याला विचारलं, धार लावू का म्हणून. नको म्हणाला, जोशीनं लावलीय, हात लावू नकोस.’’

मला बोलताच येईना.

‘‘आता लावतो,’’ तो म्हणाला. ‘‘अर्धा ना?’’

‘‘अर्धा. आणि त्याला सांग माझी चूक झाली म्हणून.’’

‘‘सामना झाल्यावर तू सांग. आत्ता त्याच्या डोक्यात आणखी काही नको घालायला.’’

संध्याकाळी घरी टीव्ही लावला. समोर वरणभात तसाच. पहिल्यांदा एनएचएलमध्ये उतरणाऱ्याला सामन्याआधीच्या सरावासाठी टीम आधी एकट्यालाच बर्फावर सोडते. बाकीचे दारात थबकतात आणि तो सगळ्या प्रेक्षकांसमोर एकटा चक्कर मारतो. बहुतेक वेळा तिथे एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं असतं. हा तिशीचा, दाढीत एक-दोन पांढरे केस. बायको म्हणाली, ‘‘अहो, रडतोय का तो?’’ मी त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हतो. मी पाय बघत होतो. कोपऱ्यावरचं डावं वळण, त्यात आतली कड. धरली. मग उलटा फिरला. धरली. मग मी भात कालवला.

दहाएक मिनिटं खेळला असेल. गोल नाही, पास नाही, चूकही नाही. हॉकीत खालून गेलेल्या डिफेन्समनचं नाव कुणी घेतलं नाही तर तो चांगला खेळला असं समजतात. त्या रात्री समालोचकांनी त्याचं नाव एकदाच घेतलं, तेही चुकीच्या उच्चारात.

दोन सामने झाले, आजारी माणूस बरा झाला, आणि पाचव्या दिवशी सत्तावीस परत आला. सकाळी सातला, माझ्याही आधी. दारापाशी त्याची बॅग, वर वरच्या टीमचा टॅग तसाच. मी आत गेलो, कोट काढला आणि काढता काढता सगळं सांगून टाकलं. गोलीचं व्हील, पाऊण इंच, नाणं, फोन, सगळं.

तो बादलीवर बसला. बराच वेळ काही बोलला नाही.

‘‘म्हणजे सकाळी ते तुझं होतं?’’

‘‘माझं.’’

‘‘जोशी, मी त्या सरावात दोनदा पडलो. तिसऱ्यांदा कसाबसा सावरलो. कोचनं जवळ बोलावून सांगितलं, श्वास घे, घाबरू नकोस. हॉटेलवर गेलो, पडद्याकडे बघत पडून राहिलो. वाटलं, नऊ वर्षं ज्याच्यासाठी काढली ते आपल्याच्यानं होतच नाहीये. पायच नाहीत तेवढे.’’ मग हसायला लागला. हसतच राहिला, डोळे पुसेपर्यंत. ‘‘संध्याकाळी पाय आले, तर मला वाटलं आईनं प्रार्थना केली.’’

मी म्हटलं, केलीही असेल.

त्यानं बॅगेतून स्केट्स काढल्या, माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि व्हीलपाशी वाकून पट्टीवरचा आकडा स्वतः वाचला. ‘‘अर्धा,’’ तो म्हणाला. ‘‘लाव.’’ आणि शेंगदाण्याची पुडी फोडली.